तपासायची बाटली

चौऱ्याऐंशीचा उन्हाळा. निपाणी स्टँडवर बेळगावच्या गाडीच्या रांगेत वसुधाबाई मास्तरीण उभ्या होत्या. त्यांच्या मागं तानीबाई नावाची एक म्हातारी, पदराखाली पाण्याची बाटली धरून, आणि तिचा लेक कृष्णात.

"आये, किती येळा झाकण बघशील?"

"सांडंल की रं."

"मागल्या खेपंला सायबानं मशिनीची कांडी पाण्यात बुडिवली, काटा जागचा हालला न्हाय. चांगलं पाणी, म्हनला. मग घरी माझ्या पोराचं व्हट निळं का पडत्यात?"

"नजर लागली असंल."

"डाक्टर म्हनला, शेतातलं खत हिरीत उतरतंय. तान्ह्या पोराला बाधतं, उकळून बी जात न्हाय. म्हून तर परत तपासाय चाललोय."

"कृष्णात..."

"काय गं?"

"मागलं पाणी पाटलाच्या हिरीचं व्हतं, त्येच्या गड्याकडनं मागून घेतल्यालं."

"आँ?"

"गावच्या हिरीवर चढू दिलं न्हाय, म्हून तुझ्या बानं आन् समद्या वस्तीनं आपली हीर खांदली. तिला सरकारी कागदावर वंगाळ म्हनलं, तर मी कुठं तोंड दावू?"

गाडी लागली. रांग पुढं सरकली. वसुधाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"आये, आन् आजचं?"

तानीबाईनं बाटली पदराखाली आणखी आत ओढली.

"आये!"

"त्येच रं. पाटलाचंच. थांब, ह्ये ओतून टाकू, माघारी जाऊ, आपल्या हिरीचं भरून आणू."

"ओतू नगंस! लाव झाकण. तपासल्यालं पाणी हाय त्ये. पोराला पाज."