एरिमोला राहिलेला टोप

(एडिसन. मराठी मंडळाच्या हॉलबाहेरचं पार्किंग, जुलैची दुपार. गाडीत तिघं.)

निमिष : ते सगळं ठीक आहे काका, पण जुलैमध्ये माकडटोपी?

विनय : सर्दी झालीय.

रेणू : कसली सर्दी! निमिष, जपानमध्ये तुझ्या काकांचा टोप उडाला.

निमिष : काकू, व्हेकेशनला टोप कशाला नेलात? तिकडेही भांडी मिळतात.

रेणू : भाताचा टोप नाही रे! डोक्यावरचा.

निमिष : काका डोक्यावर टोप घेऊन फिरत होते?

विनय : विग, निमिष. विग.

निमिष : ओह. म्हणजे ते केस तुमचे नव्हते?

विनय : विकत घेतलेले. म्हणजे माझेच.

निमिष : लीगली, हो.

रेणू : एरिमोला गेलो होतो आम्ही. होक्काइदोचं भूशिर. जमीन निमुळती होत होत समुद्रात शिरते, आणि वारा असा, की सीगल पुढे तोंड करून मागे उडत होते.

विनय : मी म्हटलं होतं, गाडीतूनच बघू.

रेणू : नायगारा गाडीतून! ग्रँड कॅन्यन गाडीतून! जिथे वारा, तिथे ह्यांची पाठ दुखते. आमच्या अल्बममध्ये सगळीकडे मी एकटी. बघणाऱ्याला वाटावं, बाई नवऱ्याला सोडून पळालीय.

निमिष : मग एरिमोला काका उतरले कसे?

विनय : ही कठड्याशी गेली आणि सवयीने सेल्फीसाठी फोन एकटीपुरता धरला. बघवेना यार. उतरलो.

निमिष : आणि टोप?

विनय : आधी वर गेला, मग पॅसिफिकच्या दिशेने. खाली खडकांवर सील पहुडले होते. एकाने वास घेतला. बाकीच्यांनी सरकून जागा दिली.

निमिष : वेलकमिंग कम्युनिटी.

रेणू : मग एका जपानी माणसाने आमचा फोटो काढला आणि ह्यांना वाकून नमस्कार केला. भिक्षू वाटले असणार.

विनय : रेणू, तो फोटो आजच्या आपल्या ट्रिपच्या स्लाइडशोमधून काढ. आत अख्खं मंडळ बसलंय. ह्याच हॉलमध्ये दर दिवाळीला मी नाटकात कॉलेजकुमार असतो!

रेणू : समुद्रासमोर दोघं उभे आहोत असा एकच फोटो आहे आपला. पण सांगते शरयूला, काढ म्हणून. पुन्हा मी एकटी. सवय आहे मला.

निमिष : शरयूकाकूच काच वाजवतायत.

शरयू : अहो, उतरा ना! लोक खोळंबलेत. आणि रेणू, तू पाठवलेला पहिलाच फोटो लावून बघितला मी, तुझ्याशेजारी ते टकले गृहस्थ कोण गं?

विनय : निमिष, ही टोपी धर.

निमिष : काका, शुअर?

विनय : दार उघड. शरयूवहिनी, तो फोटो अजून मोठा करा. पडदाभर करा!

शरयू : अगंबाई! रेणू... हे कोण?

रेणू : हे? आमचे हे.