नाक्यावर भरलेली वटी

आगं, आता कुणी बी कुठं बी जातंय. लढाईच्या साली आमी एका चिमुकल्या संस्थानात ऱ्हायचो. मालक तिथं कामाला, पन आमी इंग्रजी मुलखातली, म्हंजे परकी. परक्यानं दरबारच्या चिठ्ठीबिगर दाणा नाक्याभाईर न्यायचा न्हाई. आनि वडूजला माझी भावजय बाळंतीण, घरात तांदळाचा कण न्हाई!

दोन शेर तांदूळ घेऊन निघाले, तर नाक्यावरच्या शिपायानं पिशवीच काढून घेतली. "आठ दिसांनी चिठ्ठी मिळंल, मग ने."

नाक्याला लागूनच त्याचं घर, बायको दारात उभी. मी सरळ तिच्याकडं गेले. "बाई, माहेरला निघालेय, वटी भरा की."

ती वशाळली. "आवं, तांदूळ संपल्यात."

"तुमच्या मालकाजवळ हायत की पिशवीत!"

तिनं जाऊन पिशवी आणली, मला कुंकू लावलं आनि ओंजळी भरभरून समदी पिशवी माझ्या वटीत रिकामी केली. शिपाई वरडला, "आगं, ते जप्त केल्यात!"

बायको त्याच्यावरच उखडली, "सवाष्णीच्या वटीला हात लावता व्हय? लावा बघू!"

शिपायानं नाक्याचा बांबू वर केला. मी ताठ मानेनं पलीकडं गेले आनि वळून म्हणलं, "दादा, पिशवी ठेवा तुमच्याकडं. दरबारला दाखवायला कायतरी पायजेच न्हवं?"