यमुताईंची यशोदा

मंडळी, एक सांगा मला. आई कुणाची? – ‘माझी!’ बघा, कसं पटकन म्हणालात! पण त्याच माउलीला दुसऱ्या कुणी ‘आई’ म्हटलं, तर तुमच्या वाट्याची ती कमी होते का हो? हं – आता गप्प! असू दे. ऐका.

देवसांगवी नावाचं गाव. तिथल्या जुन्या राजवाड्यात चित्रांचं संग्रहालय. त्यात एक यशोदा. पाटावर बसलीय, पाय लांब केलेत, पायांवर पालथा बाळकृष्ण – आणि तांब्यातून पाण्याची धार!

हे चित्र मूळचं मोकाशांच्या घरातलं. त्यांची लेक यमुना. जन्मली आणि आई गेली. पोर त्या चित्राखाली बसायची. तिला वाटायचं, हीच माझी आई – आणि त्या पायांवर मीच! पुढं यमुना सासरी गेली आणि वडिलांनी चित्र संग्रहालयाला दिलं. बोलणं एवढंच झालं – यमुनेनं मागितलं, तर परत द्यायचं.

वर्षं गेली. यमुना म्हातारी झाली, घरात एकटी उरली. एक दिवस भाच्यानं एक पुस्तक आणलं – ‘देवसांगवी चित्रसंग्रहालयाची सचित्र मार्गदर्शिका’! अहो, नाव वाचून होईपर्यंत संग्रहालय बंद व्हायचं! यमुताईंनी पान उलटलं – आणि समोर यशोदा! रंगीत, पानभर!

डोळे भरले. आणि मग काय आलं मनात? राग! “माझी आई परक्यांच्या भिंतीवर? शेवटचे दिवस मी तिच्यासमोर काढणार!”

गेल्या की देवसांगवीला! तिथले प्रमुख क्षीरसागर. भला माणूस. म्हणाले, “ताई, शब्द म्हणजे शब्द. आजच न्या. उतरवायला माणसं येईपर्यंत बसा समोर.”

बसल्या. दुपारची वेळ. रंगीत काचांतून ऊन फरशीवर सांडलेलं – निळं, केशरी. सगळं कसं सुस्त, शांत. डोळे जड झाले... आणि मंडळी, पाणी वाजलं! धार पडतेय, बांगड्या किणकिणताहेत, ऊन-ऊन पाण्याचा वास येतोय. यमुताईंच्या पाठीवरून एक ओला, मऊ हात फिरला... झोप म्हणा, स्वप्न म्हणा. मी नाव ठेवणार नाही!

जाग आली, तर शेजारी एक माणूस उभा. एसटीच्या ड्रायव्हरचे खाकी कपडे, दाढी पिकलेली. हातात तेच पुस्तक, यशोदेच्या पानावर उघडलेलं. पुटपुटला, “अम्मी, आलो गं.”

यमुताई ताडकन म्हणाल्या, “कोण हो तुम्ही?”

“दस्तगीर अत्तार, मावशी. माझी अम्मी अश्शीच पायांवर घेऊन आंघोळ घालायची आम्हाला. तिचा एकसुद्धा फोटो नाही. या पुस्तकात ही दिसली, तेव्हापासून गाडी इकडं आली की येतो.”

“पुस्तक आहे ना तुमच्याकडं? मग इथं कशाला?”

दस्तगीर लाजला. “हसू नका, मावशी. पुस्तकात अम्मी दिसते. इथं... पाणी वाजतं.”

मंडळी! जे आपण एकटीनंच ऐकलं असं वाटत होतं, ते यानंही ऐकलं होतं!

तेवढ्यात माणसं शिडी घेऊन आली. दस्तगीरचा चेहरा उतरला. “कुठं नेताय हिला?”

यमुताई चित्राकडं बघत राहिल्या. घरची रिकामी भिंत आठवली – तिच्यासाठीच मोकळी करून ठेवलेली. सोपं होतं का हो? नव्हतं! आयुष्यभराची आस होती ती!

मग म्हणाल्या, “कुठं नाही नेत. शिडी परत न्या रे.” आणि बाकावर थोडं सरकल्या. “बस, दस्तगीर. उभा किती राहशील?”

तेव्हापासून यमुताई देवसांगवीला येत राहिल्या. कधी दस्तगीर भेटे, कधी नाही.

आणि आपण? देव माझा, गुरू माझा, देवळातली पुढची जागासुद्धा माझी! अहो, खांबामागं ती बाई मघापासून लेकराला घेऊन उभी आहे. तिलाही देव बघायचाय. कुणाच्याच लक्षात आलं नाही?

सरका. आधी सरका – मग बोला हरीचं नाव!