ज्याच्यावर काईच चालत न्हाई

न्हाई न्हाई, भारत भाऊ, बटनाला काई झालेलं न्हाई — ते मी ह्यांच्यासमोर म्हनले, बटन अडकायलंय म्हनून — ठेवा तो पेचकस खाली, चांगल्या फोनला कावून खोलायलाव? ह्ये समोर कापडाच्या दुकानात शिरलेत, बस्ता बांधून व्हईस्तोवर मला हितं बसवलंय, धा मिनिटं, लई तर पंधरा. तेवढ्यात माझं एकच काम करा — ह्याच्यात व्हॉट्सॲप टाकून द्या. तेच, हिरवं. माझ्या बहिनीच्या पोरीचा शाळेचा कागद हाय, बोनाफाईड, त्याचा फोटो एका बाईला पाठवायचाय, कसलातरी फारम हाय म्हनं, आजच्या आज पायजे. एवढंच. फोटो गेला की काडून टाका पुन्हा, मला ठेवायचं बी न्हाई.

असं काय बगायलाव? — येत न्हाई? येत न्हाई म्हंजी? इंटरनेट हाय की ह्याच्यात, हे बगा वर दोन बान दिसायलेत, क्यामेरा हाय, ब्याटरी दोन-दोन दिवस जाती, मंग येत कावून न्हाई? — पहिलं येत व्हतं, आता बंद केलं. कोनी केलं बंद? — बरं, वरूनच बंद. म्हंजी घराला दार हाय पन दाराबाहीरचं गावच उठून गेलंय, असंच की न्हाई? मी बी काल दुपारभर न्हानीत बसून ॲप उतरवायच्या त्या पिशवीच्या चितरावर दाबून दाबून बगितलं, गोल गोल फिरतंय, फिरतंय, अन् मंग कोरं पान. सासूबाई बाहिरून हाका मारायल्या, बाई किती येळ न्हातीस, पानी संपलं का तू संपलीस. लई कडू तोंड हाय आमच्या सासूचं, पन मानूस वाईट न्हाई — जाऊ द्या, कुठं चालले मी. दुसरं काई? त्याच्यासारखं दुसरं कायतरी? — ते बी न्हाई. ह्याच्यासाठी कोनी काई बनवतच न्हाई आता. बरं.

पन भाऊ, हा तुमीच दिलेला फोन हाय. दिवाळीच्या आदल्या बाजारी. तुमी इसरलाव असाल, मी न्हाई इसरले, मी त्या तिथं खांबाला टेकून उभी व्हते. ह्ये म्हनले, भारत, असा फोन दे ज्याच्यावर काईच चालत न्हाई — फोन आला पायजे, गेला पायजे, बाकी कसलीच भानगड नको. अन् तुमी खालच्या कप्प्यातून हा काडला, धूळ पुसली अन् म्हनलाव, दादा, हा घ्या, ह्याला कोनी इचारीना, पोरीबाळींना एकदम बेस. अन् दोघं हसलाव. मी बी हसले की, मी कुठं तुमाला बोल लावायले? मानूस हसतंय तव्हा हसावं लागतंय.

आमच्या संस्कृतीसाठीच घेतलता तो. हुशार हाय लई, नववीला वर्गात दुसरी आलती. तिच्या वर्गाचा गुरुप ह्यांच्याच फोनवर व्हता, मास्तर त्याच्यावर अभ्यास टाकायचे, ह्ये घरी आले की ती लिवून घ्यायची. अन् एक दिवस एका पोरानं त्याच्यावर लिवलं — संस्कृती, विज्ञानाची वही दे ना दोन दिवस — अन् फुडं एक पिवळं तोंड, हसायलेलं. एवढंच. वही बी दिली न्हाई तिनं, भाऊ, तिला तर मालूम बी नव्हतं. पन ह्यांनी ते पिवळं तोंड बगितलं अन् घरात आठ दिवस कोनी नीट जेवलं न्हाई. मंग हा डबा आनला. मंग शाळा घरूनच करा म्हनले. मंग सोयरीक आली. आता त्या बाई म्हनतेत, लग्नाच्या आत कागद हातात पडला तरच आमाला —

फारमच्या. फारमच्या आत म्हनले मी. — न्हाई म्हनले? काय म्हनले मंग?

बरं. हुशार हाव तुमी. मागं कोन न्हाई ना? ते पोस्टर जरा इकडं सरकवा, समोरून दिसतंय सगळं. कागद माझ्या बहिनीच्या पोरीचा न्हाई, मला बहिनच न्हाई. संस्कृतीचा हाय. हे बगा जन्मतारीख — मोजा तुमीच — पंधरा बी भरले न्हाईत. अन् नवरदेव सत्तावीसचा, सोताचा टेम्पो हाय, दोन पैसे राखून हाय, त्याच्याबद्दल माझं काई म्हननं न्हाई. शनिवारी हाय लगीन. परवा.

शाळेच्या भिंतीवर लिवलाय बगा, रंगानं, ह्या एवढ्या मोठ्या अक्षरात — दहा अठ्ठ्यान्नव — लेकराला तरास असल तर फोन करा, फुकट. त्याला कुठं व्हॉट्सॲप लागतंय? चार बटनं. ह्ये सासूबाईचा फोन तपासतेत, पुतन्याचा तपासतेत, ह्याला कव्हा हात बी लावीत न्हाईत, ह्याच्यावर काय असनार म्हनून! तर ती... पोरीनं लावला. पोरीनंच लावला आसल. मी तिला म्हनले बी, म्हनलं, त्या बाई लई सबुरीनं बोलल्या, म्हनल्या ताई रडू नका, तुमचं नाव कोनाला कळनार न्हाई —

हां. मीच लावला. झालं? ऐकलं तुमी, आता काय करताव? जाऊन सांगताव? सांगा. जल्मदात्या आईनं लेकीचं लगीन मोडलं म्हना. मी सोळा वरसं ह्यांच्या शब्दाबाहीर गेले न्हाई, भाऊ, भाजीत मीठ किती ते बी इचारून टाकलं, अन् न्हानीत बसून हे केलं. चार डाव नंबर दाबला अन् पुसला. पन केलं.

तर ते दहा अठ्ठ्यान्नवचे लोक आलते मागल्या सोमवारी, जीप घेऊन. घरात ना मंडव, ना हळद, पोरगी आधीच आत्याकडं पाठवलेली. ह्यांनी आधार कार्ड फुडं केलं, त्याच्यावर पोरगी अठराची. तीन वरसं कुठून वाढवून आनली देव जाने. आता कागदावर अठरा अन् दारात मंडव न्हाई, तर ते बिचारे काय थांबवतेत? गेले. तव्हापासून ह्ये सावध झालेत. लगीन कुठं लावायचं ते ह्यांना मालूम, व्याह्याला मालूम, तिसऱ्याला न्हाई. सगळ्यावर शक हाय — मास्तरावर, अंगनवाडीच्या बाईवर, त्या वहीवाल्या पोरावर. माझ्यावर न्हाई. मला फोनच कुठं येतोय?

अन् त्या बाई म्हनतेत, ताई, दोन गोष्टी द्या — शाळेच्या कागदाचा फोटो ह्या नंबरावर टाका, अन् जागा कळवा, बाकी आमी बगतो. किती सोपं की न्हाई? आजकाल लोक जेवताना ताटाचा फोटो टाकतेत. अन् मी तीन दिवस झाले हा कागद पोलक्यात घेऊन फिरायले, घामानं शिक्का पुसायलाय, बगा, हे इथं. आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना, तशी गत. गावात कोनाच्या फोनवरून पाठवू? ज्याच्या फोनवरून जाईल त्याच्या घरात कळंल, अन् त्याच्या घरात कळलं की ह्यांच्या घरात कळंल. आमचे पोलीस पाटील बी भावकीतलेच.

तुमचा फोन हाय की. तो काय, चार्जिंगला. एक फोटो काडायचा, ह्या नंबरावर टाकायचा, अन् पुसून टाकायचं. — हां, मला मालूम हाय गाळा कोनाचा हाय. माझ्या भासऱ्याचा, ह्यांच्या थोरल्या भावाचा, विजयसिंह दादांचा. उद्या त्यांना कळलं तर तुमचं शटर परवा दिशी खाली. ते समदं मला मालूम हाय, मी काय येडी हाय? म्हनून तर पहिलं बहिनीच्या पोरीचं सांगितलं. तुमी ह्याच्यातच टाकून दिलं असतं तर तुमाला कशाला गुतवलं असतं मी? पन अडला हरी गाढवाचे पाय धरी — तुमाला गाढव न्हाई म्हनले हां, हसा की जरा. न्हाई हसत. बरं.

मला चौदावं व्हतं, भाऊ. कोनी मारून मुटकून न्हाई केलं, वाजत गाजत केलं, मी बी खुश व्हते, नवं लुगडं मिळालं म्हनून. पहिलं लेकरू सातव्या महिन्यात... अंबाजोगाईच्या दवाखान्यात डाक्टरीन मला न्हाई, माझ्या आईला वरडली, म्हनली हिचं सोताचंच अंग अजून कच्चं हाय, हिला कसलं लेकरू देताव. आई म्हनली, बाई, आमच्यात असंच असतंय. पोरगी व्हती ती. एवढी एवढी, तळहाताएवढी. तिचं नाव मी मनातल्या मनात ठेवलंय, ह्यांना बी सांगितलेलं न्हाई, सोळा वरसं — अन् तुमाला काय सांगत बसले मी! तुमी मोबाईलचे कव्हर इकनारे मानूस. सोडा. ते इसरून जा. पन माझी आई जे म्हनली ते मी म्हननार न्हाई. त्या दवाखान्यात त्याच खाटंशेजारी उभी राहून मी न्हाई म्हननार, आमच्यात असंच असतंय.

अगं बाई. निघाले. ह्ये निघाले दुकानातून — बगू नका तिकडं, माझ्याकडं बी बगू नका, फोन घ्या हातात, बटन दाबल्यावानी करा. झाला की बस्ता इतक्यात! शिवायला टाईम हाय म्हनले मी सकाळी, तर म्हनतेत रेडिमेड पोलकंच घे, मापाचं काय इतकं. भाऊ, कागद. कागद उचला. उचला म्हनते ना मी! नंबर त्याच्याच मागं लिवलाय. — कुठं ठेवला? — बरं. बरं. न्हाई इचारत.

आलाव का? झालं का सगळं? मला वाटलं अजून फेटे बगायलाव. — न्हाई हो, बटन झालं नीट, कचरा बसलता म्हनतेत. पैसे नको म्हनतेत, घरचेच हाव. — न्हाई, दुसरं काई बोलत नव्हते, सोयरिकीचंच चाललं व्हतं. अहो, भारत भाऊला आवतन दिलं का न्हाई तुमी? — अन् कावून न्हाई? तुमच्या भावाच्या गाळ्यात बसतेत, दादांच्या रोज उठन्या-बसन्यातले, अन् घरच्या कार्याला त्यांनाच न्हाई सांगायचं? उद्या दादांच्या म्होरं निघालं तर दादा मलाच बोलतेत, बायकूला सुद्धा रीतभात न्हाई म्हनून. आपली एकच लेक, पुन्हा का कार्य हाय घरात? त्यांच्यावर बी शक करताव का आता? हा फोन कोनी शोधून दिलता तुमाला? — हां, आता कसं. सांगा की मंग. तुमीच सांगा, मला तरी कुठं मालूम हाय.

धुळाजीची पोल्ट्री? ती धर्मापुरीच्या रस्त्याची? — दूध डेअरीच्या मागं, पत्र्याचं शेड. कोंबड्या काडल्यात का त्यातल्या? — न्हाई, वास यील म्हनून इचारले. — बरं, धुऊन घेतलंय. बरं झालं. अन् शनिवारी किती वाजता?

आज?

अहो, आज कसं — शनिवारचं ठरलं व्हतं ना? — गोरज. साडेपाचला. — न्हाई, काई न्हाई. मला सकाळी सांगितलं असतं तर... आईला सांगत असतेत हो, आईला तरी. — न्हाई, वरडत न्हाई. मी कुठं वरडायले? पोरीला आत्या परस्पर तिकडंच आनतीया का? तिला मालूम हाय का, आज हाय म्हनून? — तिला बी न्हाई. हां. बायकांच्या पोटात राहत न्हाई. खरंय तुमचं.

भारत भाऊ, ऐकलं ना तुमी? आज हाय. गोरज मुहूर्त, साडेपाच. धर्मापुरीच्या रस्त्याला, दूध डेअरीच्या मागं, धुळाजीची पोल्ट्री. आता किती वाजलेत तुमच्या घड्याळात? — सव्वातीन. म्हंजी दोन तास हायेत की, व्हतंय, मनात आनलं तर सगळं व्हतंय. अन् एकटे नका येऊ, भाऊ, लगीनघर हाय, चार मानसं जास्तीची असली तर शोभा येती — ह्ये बी काई म्हननार न्हाईत, व्हय ना हो? — बगा, हो म्हनले. या. गिऱ्हाईक बिऱ्हाईक राहू द्या आज. — आले हो, आले, गाडी चालू करा तुमी, पिशव्या मी घेते. चला.