दादाचा हुद्दा

नाही, पण माणसानं नोकरी सोडली की त्याला हाक काय मारायची? सांगा ना! मी काकांना विचारलं, आईला विचारलं, बँकेतल्या बाईंना विचारलं, खुद्द दादाला विचारलं... एकानंही उत्तर दिलेलं नाही! आमच्या देगू शहरात, म्हणजे सगळ्या कोरियातच, माणसाला नाव असतं ते फक्त आईला रागवताना उपयोगी पडावं म्हणून, एरवी सगळा कारभार हुद्द्यावर. माझा दादा, ब्योन ते-ग्युन, अकरा वर्षं मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत मॅनेजर. झालं! पहारेकरी म्हणायचा ब्योन मॅनेजर, न्हावी म्हणायचा ब्योन मॅनेजर, आणि आमची आई, तुम्हाला सांगतो, पोटच्या पोराला फोनवर विचारायची, 'काय, जेवले का आमचे मॅनेजर?'

आणि या मॅनेजरनं नोकरी सोडली. कशासाठी? भिंतींना कागद चिकटवायला! कंत्राटावर! आज या इमारतीत, उद्या त्या, परवा काम मिळालं तर मिळालं. म्हणजे मी जे करतो तेच. माझं एक ठीक आहे हो, मी आठवीत शाळा सोडली, तेव्हापासून हातात खळीचा ब्रश. पण हा कॉलेजात गेलेला! आणि त्याला सोड म्हणून सांगितलं कुणी? मीच! रविवारी दोघं सूप-भात खात होतो, हा नुसता चमचा फिरवतोय वाटीत, म्हणतो कसा, 'सोमवार जवळ आला की मळमळतं रे मला.' मी काय, तोंडात मुळ्याचं लोणचं, विचार कसला करतोय... म्हटलं, 'मग सोड की!' आता धाकटा असं बोलला की थोरल्यानं एक टपली मारायची असते. यानं दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला!

बरं, आला माझ्याबरोबर कामावर. आता याला हाक काय मारायची? मॅनेजर म्हणावं तर डोक्यावर खळीची बादली. नावानं हाक मारावी तर वयानं मोठा. मग आमच्याकडे ज्याचा हुद्दा माहीत नाही त्याला म्हणतात तेच सुरू झालं, 'ओ मालक, जरा शिडी सरकवा! ओ मालक, खळ सांडली!' ना कंपनी, ना गडी, ना टेबल, तरी मालक! पहिल्याच दिवशी छताचा कागद सुटला तो अख्खा याच्या अंगावर, मालक आत गुंडाळलेले, बाहेर नुसते दोन बूट. मी धावलो, म्हटलं गुदमरला बहुतेक... तर आतून हसण्याचा आवाज! पाव तास हसत होता. अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं मी ते हसणं.

आईनं मात्र गावात कुणाला पत्ता लागू दिला नाही. केसांत वाळलेली खळ घेऊन हा दारात उभा आणि ही शेजारणीला सांगतेय, 'आमचे मॅनेजर ना, सध्या बाहेरची कामं बघतात.' बाहेरची कामं!

दीड वर्ष चाललं असं. मग एप्रिलात एका सुट्टीला डोंगर चढायला गेलो दोघं. दादा एका दगडावर बसला, म्हणाला, 'तू हो पुढं, आलोच मी.' अकरा वर्षं कंपनीत एक मिनिट उशीर न करणारा माणूस... आलोच म्हणाला. डॉक्टर म्हणाले, हृदय.

जाऊ द्या. तर शरदातला सण आला. सकाळी पितरांना जेवू घालायचं. नासपाती, मासा, नव्या तांदळाचा भात, सगळं मांडलं, आणि मागं कागदाच्या पट्टीवर ज्याचं त्याचं नातं आणि हुद्दा. ते दरवर्षी दादा लिहायचा. आता दादाचंच लिहायचं, आणि काकांनी ब्रश दिला माझ्या हातात!

'काय लिहू, काका?'

'लिही. थोरले बंधू... विद्यार्थी...'

'विद्यार्थी? अडतीस वर्षांचा होता तो!'

'ज्याला सरकारी हुद्दा नाही तो विद्यार्थी. रीतच आहे. तुझे वडील विद्यार्थी, आजोबा विद्यार्थी.'

'आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते!'

'म्हणून तर अजून शिकतायत. लिही गप.'

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई, 'मॅनेजर लिही रे!'

'वहिनी, ती नोकरी सोडली ना त्यानं.'

'बाहेरची कामं बघत होता तो!'

मी म्हटलं, 'मालक लिहू का?'

'मालक?' काका म्हणतात, 'कशाचा? बादलीचा?'

मग माझं डोकं फिरलं, तुम्हाला सांगतो. ब्रश आपटला, शाई उडाली ती थेट माशावर! ओरडलो, 'मी सोड म्हणालो म्हणून सोडली त्यानं! मी तोंड बंद ठेवलं असतं तर मॅनेजर म्हणून गेला असता ना तो! माझ्यामुळं गेला त्याचा हुद्दा!'

काकांनी रुमाल काढला, माशावरची शाई टिपली आणि म्हणाले, 'गाढवा, मॅनेजर असता तरी विद्यार्थीच लिहिलं असतं. कंपनीचा हुद्दा तिकडं चालत नाही.'

चालत नाही! अकरा वर्षं मळमळ सहन केली त्या माणसानं, आणि चालत नाही!

आई हात पुसत बाहेर आली. म्हणाली, 'मॅनेजर होता तेव्हा यायचा आणि नुसता झोपायचा. हल्ली हल्ली भात दुसऱ्यांदा मागून घ्यायचा.' दादाच्या भाताची वाटी जरा पुढं सरकवली. 'लिही बाबा, काका सांगतात ते.'

मग काय करतो? बसलो मांडी घालून. चिनी वळणाची आठ अक्षरं, त्यातलं एक ओळखीचं असेल तर शपथ! काकांनी काढून दिलेलं बघून बघून, जीभ बाहेर काढून, चार कागद फाडले. पाचव्यावर जमलं. जरा तिरकं, पण जमलं. थोरले बंधू, विद्यार्थी. लावलं दादाच्या ताटामागं... आणि अशा रीतीनं, तुम्हाला सांगतो, आठवीत पळून आलेल्या भावानं कॉलेज शिकलेल्या दादाला परत शाळेत घातलं.