ब्लीचमध्ये ओतलेल्या पेशी

(रोसारियो शहरातली रक्तपेशींची प्रयोगशाळा. प्रमुख डॉक्टर नेलिदा, त्यांची विद्यार्थिनी मायतेना.)

मायतेना : ओतून दिल्यात? माझ्या पेशी? ब्लीचमध्ये?

नेलिदा : ओरडू नकोस. त्यांत हार्मोन सांडलं होतं. असली ताटली मी ठेवत नाही.

मायतेना : नव्हतं सांडलं! रक्त बनवणाऱ्या पेशी त्या, हार्मोन नसेल तर मरतात. माझ्या जगल्या, कारण मी पेप्टाइड घातलं होतं.

नेलिदा : ती प्रथिनाची वीस मण्यांची चिंधी? हार्मोनशी काडीचं साम्य नाही तिचं!

मायतेना : नसू दे! दोन पेप्टाइडं जोडीनं येतात, पेशीवरचे हार्मोन पकडणारे दोन ग्राही जवळ ओढतात, आणि पेशीला वाटतं, हार्मोनच आलं.

नेलिदा : वाटतं म्हणे! चिमूटभर हार्मोनसाठी मी उमेदीची वर्षं इस्पितळांतून लघवी गोळा केलीय, मुली. बसमध्ये लोक नाक धरून उठायचे. नवऱ्यानं कॅन गॅलरीत ठेवायला लावले. आणि तू मला शिकवतेस?

मायतेना : म्हणून माझं उद्याचं भाषण रद्द केलंत? मला न विचारता?

नेलिदा : खोटं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

मायतेना : खोटं? चला वर. चागास रोगावर काम करणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत.

नेलिदा : तिथे काय आहे?

मायतेना : दुसरी ताटली. मी माते चहाचा थर्मास भरून दिला, त्यांनी उबवणीच्या कपाटात एक फळी दिली.

नेलिदा : माझ्या पाठीमागे!

मायतेना : तुमच्या ब्लीचच्या धाकानं! डावीकडे तुमचं हार्मोन, उजवीकडे माझं पेप्टाइड. आणि दोन्हीकडे हार्मोनला पकडून निकामी करणारी प्रतिपिंडं. माझ्या पेशींत खरंच हार्मोन सांडलं असेल, तर दोन्हीकडे मढी दिसतील. चढा जिना!

नेलिदा : चढतेय ना. ढकलू नकोस.

मायतेना : बसा. घाला डोळा सूक्ष्मदर्शकाला. डावीकडे?

नेलिदा : मेल्यात सगळ्या.

मायतेना : उजवीकडे? बोला ना!

नेलिदा : थांब गं जरा… गोल आहेत. चकचकीत. ही एक तर दुभंगून दोन होतेय.

मायतेना : मग माझं भाषण?

नेलिदा : करते फोन. सांगते, चूक माझी होती… यांना आज ताजं अन्न कोण घालणार?

मायतेना : मीच. दुसरं कोण?

नेलिदा : सरक. मी घालते.