मोठ्यानं म्हणायचं

(जपानमधलं उरायासु, फेब्रुवारी २०२४, दुपारचे चार. सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट. सासू शैलजा मोबाइलवर नकाशा उघडून बसली आहे. थोरल्या मुलाची, संजीवची बायको विद्या तोयोसुमधल्या जहाज कंपनीच्या ऑफिसातून नुकतीच घरी आली आहे.)

शैलजा : ...तर परवा सकाळपर्यंत इथं होता. हा बघ, ओमानच्या खाली. हिरवा ठिपका. आता समुद्र नुसता निळा. माझ्या धाकट्या विनयचं जहाज गेलं कुठं?

विद्या : आई, मला कोट तरी काढू द्या. जहाज कुठं गेलं नाही. त्यांनीच ठिपका बंद केलाय.

शैलजा : बंद कशाला करतील?

विद्या : तुम्हाला दिसतो तसा तो येमेनच्या बंडखोरांनाही दिसतो. तेही डोंगराआड बसून हाच नकाशा बघतात. जहाज कुणाचं, कुठं निघालंय, सगळं कळतं. मग ड्रोन सोडायचं. ऑफिसात आम्हाला व्हिडिओ दाखवला. गवत कापायच्या मशीनसारखी घरघर, बस. मिसाइल आलं तर तेवढीही सूचना नाही.

शैलजा : आणि भांडण कुणाचं?

विद्या : भलत्यांचंच. शस्त्रं पुरवतो एक देश, नेम असतो दुसऱ्यावर, सोडतात हे बंडखोर. आणि डेकवर असतो आपला विनय.

शैलजा : तो नाही डगमगायचा. ह्यांचा मुलगा आहे तो. सत्त्याऐंशी साली इराण-इराकच्या लढाईत ह्यांच्या शेजारच्या टँकरवर मिसाइल पडलं, तरी हे मागे फिरले नाहीत. परवाच फोनवर विनयला आठवण करून दिली. खालच्या मजल्यावरच्या ज्योत्स्नालाही लिफ्टमध्ये सांगितलं, आमचा विनय आता मिसाइलांखालून जहाज काढणार. तिनं हातच जोडले.

विद्या : ‘ह्यांचा, ह्यांच्या’. नगरपालिकेत बाबांचं नाव विचारलं, तेव्हाही तुम्ही माझ्याकडेच बघितलंत. ती जपानी मुलगी पेन धरून ताटकळली.

शैलजा : पंचेचाळीस वर्षांत नाही घेतलं नाव. त्या फॉर्मसाठी घेऊ?

विद्या : बरं, ऐका. लवकर आले ते एवढ्याचसाठी. जहाज तिकडून जाणार नाही आता. मागे वळलंय. आफ्रिकेला वळसा घालून जाईल.

शैलजा : देव पावला. कंपनीला सुचलं म्हणायचं.

विद्या : कंपनीला नाही सुचलं. नियम असा आहे की धोक्याच्या समुद्रात शिरायच्या आधी प्रत्येकाला विचारायचं. यायचं नसेल त्यानं सांगावं, त्याच्यावर डाग लागत नाही. कॅप्टननं बावीस जणांना मेसमध्ये बसवून विचारलं. कुणी मान वर करेना. मग एकजण नाही म्हणाला. विनय.

शैलजा : आपला?

विद्या : आपला.

शैलजा : सगळ्यांच्या आधी?

विद्या : हो, आई.

शैलजा : ...दूध ठेवलंय गॅसवर. बघून येते.

विद्या : गॅस बंद आहे. बसा. कसं म्हणाला ते तरी ऐका. शिन-उरायासु स्टेशनवरचा गार्ड आठवतो?

शैलजा : रिकाम्या रुळांना बोट दाखवून एकटाच बोलतो तो? मला वाटलं होतं, बिचाऱ्याला घरी काही त्रास असेल.

विद्या : ती इथली शिस्त आहे. जे तपासलं त्याच्याकडे बोट करायचं, मोठ्यानं म्हणायचं आणि शेवटी ‘योशी’. म्हणजे पाहिलं, ठीक. आमच्या जहाजांवरही तेच. व्हॉल्व्ह बंद, योशी. दोर बांधला, योशी. मनातल्या मनात म्हटलेलं चालत नाही.

शैलजा : त्याचं इथं काय?

विद्या : मेसच्या भिंतीवर सगळ्यांच्या नावांची यादी असते. विनय उठला. स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. म्हणाला, “विनय, चीफ ऑफिसर. मला भीती वाटते. योशी.”

शैलजा : हाताखालच्या माणसांसमोर?

विद्या : त्यांच्याचसमोर. मग माधवकाका उठले. गुहागरचे, तीस वर्षं समुद्रावर, दोन महिन्यांवर निवृत्ती. त्यांनी बोट ठेवलं, पण नुसते ओठ हलले. विनय म्हणाला, काका, मोठ्यानं. तेव्हा म्हणाले, आणि म्हणताना रडले. मग एकेक करत चौदा जण. चौदा माणसं उतरवून जहाज चालत नाही, आई. कंपनीला रूट बदलावा लागला.

शैलजा : हे सगळं तुला कुणी सांगितलं?

विद्या : कॅप्टनचा रिपोर्ट सकाळच्या मीटिंगमध्ये वाचला. आमचे साहेब तानाबे-सान वाचता वाचता उभे राहिले. भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड करून कमरेत वाकले. मग सगळं ऑफिस वाकलं. मी तर वर उठायचंच विसरले.

शैलजा : तू का?

विद्या : लाल समुद्राचा तो रूट मीच टाइप केला होता. चार दिवस मला घास उतरत नव्हता. संजीवला म्हटलं, पोट बिघडलंय. मला भीती वाटते हे तीन शब्दसुद्धा म्हणता आले नाहीत.

शैलजा : ते येत नाहीतच गं तोंडात. हे टँकरवर असायचे ना, तेव्हा तांदूळ निवडता निवडता मी एक ओवी बांधली होती.
वाऱ्या रे बापड्या,
शीड नको फाडू,
दोन पानं वाढू
दे रे मला.

विद्या : टँकरला शीड?

शैलजा : मी कुठं पाहिला होता टँकर?

विद्या : ही ओवी कधी ऐकवली नाहीत.

शैलजा : सुपापुरती होती ती. सासूबाई ओटीवर आल्या की गप्प.

विद्या : आई, फोन वाजतोय तुमचा. विनय. सकाळी मला मेसेज केलाय त्यानं. वहिनी, आईला तू सांग, मला धीर होत नाही.

शैलजा : बावीस जणांत मिसाइलची भीती सांगतो आणि आईला सांगायला धीर होत नाही?

विद्या : मिसाइल त्याला परवा फोनवर बाबांची आठवण करून देत नव्हतं.

शैलजा : ...लाव स्पीकरवर.

विनय : आई? ऐकू येतंय?

शैलजा : येतंय. जेवलास?

विनय : हो. वहिनी बोलली तुझ्याशी?

शैलजा : बोलली.

विनय : आई, बाबा मागे फिरले नसते. माहीत आहे मला. तरी मी...

शैलजा : नसतेच फिरले. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आपल्या घरी कुकर का नव्हता, आठवतं?

विनय : तू म्हणायचीस, भात पातेल्यातच चांगला होतो.

शैलजा : कुकर होता. माळ्यावर टाकलेला. त्या लढाईतून आल्यापासून शिट्टी झाली की ते टेबलाखाली जाऊन बसायचे. सहा फुटांचा माणूस. मीही शेजारी बसायचे, पाठीवर हात ठेवून. मग उठून जेवायचो. बोललो कधीच नाही, ना ते, ना मी. तुम्हा दोघांना मी फक्त ते फिरले नाहीत एवढंच सांगत आले.

विनय : आई...

शैलजा : थांब. फडताळावर ह्यांचा फोटो आहे. त्यावर बोट ठेवलंय मी. मोठ्यानंच म्हणायचं ना?

विनय : हो. मोठ्यानं.

शैलजा : विश्वनाथ. भीती वाटायची.

विनय : पुढचं, आई.

शैलजा : योशी.